आविलाच्या मठातील कागदाचा तुकडा

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध धर्मशिक्षक एक रंगीत चित्र घेऊन माझ्याकडे आले. कोठल्याशा दिनदर्शिकेतून कापून त्यांनी ते पुठ्ठ्यावर डकवले होते. काळ्या आकाशात अधांतरी झुकलेला क्रूस, त्यावर वरून दिसणारा ख्रिस्त, आणि अगदी तळाशी ढग, पाणी, एक होडी व दोन-तीन कोळी असे ते चित्र होते. "फादर, क्रूसाच्या संत योहानांना झालेले दर्शन ते हेच ना? शुक्रवारी मुलांना सांगायचे आहे," असे त्यांनी विचारले. मी प्रवचनाच्या तयारीत होतो. "होय मास्तर, तेच," असे म्हणून मी मोकळा झालो. रात्री ते उत्तर मला बोचू लागले, कारण ते खरे नव्हते. दुसऱ्या दिवशी मास्तरांना बोलावून दुरुस्ती केली. परंतु ती करताना जे बोलावे लागले ते दोन वाक्यांत संपण्यासारखे नव्हते, म्हणून हा लेख.

मास्तरांनी आणलेले चित्र साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराने १९५१ मध्ये रंगविले. त्याला 'क्रूसाच्या संत योहानाचा ख्रिस्त' असे नाव आहे, आणि सारा घोटाळा त्या नावापासून सुरू होतो. संत योहानांनी जे पाहिले ते त्यांनी स्वतःच एका कागदावर रेखाटून ठेवले आहे. तो कागद आजही स्पेनमधील आविला नगरात, कार्मेली भगिनींच्या 'एन्कार्नासिओन' मठात जतन केलेला आहे. दालीने त्याच्यापासून प्रेरणा घेतली हे खरे. पण दालीचे चित्र म्हणजे संताचे दर्शन नव्हे. या दोहोंत किती अंतर आहे हे पाहू लागलो की चित्रकलेचा प्रश्न मागे पडतो आणि आपल्या सेवाकार्यातील एक जुनाच प्रश्न पुढे येतो.

प्रथम त्या कागदाविषयी. तो सुमारे सहा सेंटिमीटर उंच व पाच सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे तळहातावर ठेवला तर बोटेही उघडी राहतील. शाई व लेखणी याखेरीज दुसरे साधन नाही. रेखाटन १५७४ ते १५७७ या दरम्यानचे मानले जाते. योहान तेव्हा तिशी ओलांडलेले होते. आविलाच्या संत तेरेजा १५७१ मध्ये या मठाच्या प्रमुख झाल्या, आणि भगिनींचे पापनिवेदन ऐकण्यासाठी व त्यांना आध्यात्मिक मार्गदर्शन करण्यासाठी त्यांनी पुढील वर्षी योहानांना तेथे बोलावून घेतले. मठाच्या प्रार्थनामंदिराकडे वरून पाहता येईल अशा एका माळ्यावर योहान प्रार्थना करीत असताना क्रूसावरील ख्रिस्ताचे त्यांना दर्शन झाले, आणि जे दिसले ते त्यांनी कागदावर उतरविले, अशी परंपरेने चालत आलेली हकिकत आहे. पुढे त्यांनी तो कागद त्याच मठातील आना मारिया दे जेझूस या भगिनीला देऊन टाकला. तिने तो आयुष्यभर सांभाळला. १६४१ मध्ये तो एका लहान पवित्रावशेषपात्रात बसविण्यात आला.

योहान व्यवसायाने चित्रकार नव्हते. दारिद्र्यात वाढलेल्या या मुलाला मेदिना देल काम्पो येथील अनाथ मुलांच्या शाळेत सुतारकाम, शिवणकाम, लाकडी कोरीवकाम व रंगकाम असे हात चालविण्याचे अनेक धंदे दाखविण्यात आले, आणि त्यांपैकी एकातही त्याचे बस्तान बसले नाही, असे चरित्रकार सांगतात. हात मात्र थोडाफार तयार झाला असावा. त्या रेखाटनात कच्चेपणा आहे, पण चाचपडणे नाही. रेघ कोठे टाकावयाची ते लेखणीला ठाऊक आहे.

आता त्या रेखाटनाकडे नीट पाहावे. सोळाव्या शतकातील क्रूसचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समोरून पाहिलेला ख्रिस्त येतो : वेदीच्या मागे, मध्यभागी, दोन्ही हात सारखे पसरलेले, एका बाजूला माता मरिया व दुसऱ्या बाजूला प्रेषित योहान. पाहणारा खाली गुडघ्यांवर, ख्रिस्त वर. येथे तसे काहीच नाही. क्रूस तिरका आहे आणि तो वरून व बाजूने पाहिलेला आहे. शरीर क्रूसाला टेकलेले नाही; ते पुढे, खाली, जमिनीकडे ओढले गेले आहे, आणि मागे राहिलेल्या हातांवर सारा भार पडला आहे. खिळे ठसठशीत आहेत. गुडघे मुडपलेले आहेत. डोके छातीवर इतके कोसळले आहे की चेहरा दिसतच नाही. मरिया नाही, योहान नाही, जेरुसलेम नाही, देवदूत नाहीत. एक देह आहे आणि त्याचे वजन आहे.

हे वजन मला या रेखाटनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. पुष्कळ क्रूसचित्रांत खिळे, काटे, रक्त सगळे असते, पण देह मात्र पताकेसारखा हलका असतो. खिळे काढून घेतले तरी तो तेथेच राहील असे वाटते. या कागदावरचा देह खिळे काढताच खाली पडेल. मनुष्य मरतो तेव्हा त्याचे शरीर इतरांना जड होते, हे ज्यांनी आजाऱ्याला खाटेवरून उचलले आहे त्यांना सांगावयास नको. देवाच्या पुत्राने जो देह घेतला तो असा जड होणारा देह होता. ख्रिस्ताच्या देहधारणेवर आपण जी पाने शिकवितो त्यांतले पुष्कळसे या पाच-सहा रेघांत येऊन गेले आहे.

हा वरून पाहण्याचा कोन कोठून आला यावर पुष्कळ चर्चा झाली आहे. कोणी म्हणतात, हा पित्याने पुत्राकडे पाहण्याचा कोन आहे. कोणी म्हणतात, मरणोन्मुख माणसाच्या ओठांना क्रूस लावला जातो तेव्हा त्याला तो असाच तिरका, जवळून दिसतो. पहिले मत उदात्त आहे, दुसरे हृदयाला भिडणारे आहे. माझे स्वतःचे मत याहून साधे आहे, आणि ते कोणास रूक्ष वाटले तर क्षमा असावी. योहान माळ्यावर होते. जेथे माणूस गुडघे टेकून बसला होता तेथूनच त्याला दिसले. देवाने त्याला उचलून समोर नेऊन बसविले नाही. दर्शन झाले ते त्याच्या जागेवरून झाले. आणि त्याने रेखाटताना ती जागा बदलली नाही, चित्र प्रचलित रीतीत बसावे म्हणून ते सरळ करून घेतले नाही. लूव्हर संग्रहालयातील चित्रविभागाचे प्रमुख राहिलेले फ्रेंच अभ्यासक रने ह्युइग यांना विसाव्या शतकात याच गोष्टीचे नवल वाटले होते, की आपल्या काळाची पाहण्याची सवय या माणसाने सहज ओलांडली. चित्रकाराला ती ओलांडणे कठीण गेले असते. योहानांना ती ओलांडावयाचीच नव्हती. त्यांना फक्त खरे सांगावयाचे होते.

येथपर्यंत सर्व सुरळीत आहे. अडचण पुढे आहे, आणि ज्यांनी धर्मगुरुविद्यालयात योहानांचे ग्रंथ अभ्यासले आहेत त्यांच्या ध्यानात ती आलीच असेल. दर्शनांविषयी, दिसणाऱ्या रूपांविषयी, ऐकू येणाऱ्या शब्दांविषयी ज्या संताने ख्रिस्तसभेत सर्वांत कडक भाषा वापरली तो हाच. 'कार्मेल पर्वताचे आरोहण' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ते पुनःपुन्हा बजावतात, की दर्शने वाईटाकडून आली असतील तर उघडच टाळावीत, आणि देवाकडून आली असतील तरी त्यांना कवटाळून बसू नये. त्यांचा युक्तिवाद मोठा मार्मिक आहे. दर्शन देवाचे असेल तर त्याचे जे कार्य आत्म्यात व्हावयाचे ते दर्शनाच्या क्षणीच होऊन जाते. मागून ते रूप आठवीत, गोंजारीत बसल्याने त्यात भर पडत नाही, उलट श्रद्धेचा शुद्ध अंधार सोडून मन त्या चित्राला चिकटते. त्याच भागाच्या बाविसाव्या अध्यायात ते म्हणतात की पित्याने जे सांगावयाचे ते आपल्या एका शब्दात, पुत्रामध्ये, सांगून टाकले आहे. आता आणखी काही दिसावे, ऐकू यावे असे मागणे म्हणजे ख्रिस्तावरून दृष्टी काढून घेण्यासारखे आहे.

'अंधारी रात्र' या ग्रंथात तर ते आपल्या अनुभवातील एक गोष्ट सांगतात. त्यांच्या परिचयाच्या एका व्यक्तीजवळ झावळीच्या रविवारी आशीर्वादिलेल्या पात्यांचा एक ओबडधोबड क्रूस होता, टाचणी वळवून बांधलेला. दहा वर्षांहून अधिक काळ ती व्यक्ती तो बाळगीत होती, त्यापासून तिला आध्यात्मिक लाभही होत होता. शेवटी योहानांनी तो तिच्याकडून काढून घेतला. ते तिची भक्ती खरी होती हेही मान्य करतात. लाभाचे कारण त्या वस्तूच्या कारागिरीत नव्हते हे दाखविण्यासाठीच ते ही गोष्ट सांगतात.

मग प्रश्न असा, की दुसऱ्याच्या हातातील झावळीचा क्रूस काढून घेणारा हा गुरू स्वतःला दिसलेले रूप शाईने रेखाटतो कसा? ते अमुक भगिनीला देतो कसा? हा विरोध लहानसहान नाही. काही लेखक त्याला वळसा घालून जातात : रेखाटन आधीचे, ग्रंथ नंतरचे; माणूस मधल्या काळात बदलला. कालानुक्रम तसा आहे हे खरे. परंतु आविलातही ते वेगळे वागत नव्हते. १५७२ च्या नोव्हेंबरात, मिस्सेच्या वेळी, त्यांनी संत तेरेजांना ख्रिस्तशरीर देताना भाकर मोडून अर्धीच दिली, कारण तेरेजांना मोठी भाकर आवडते हे त्यांना ठाऊक होते आणि ती आवड मोडावी असे त्यांना वाटले, असे स्वतः तेरेजांनीच लिहून ठेवले आहे. त्याच वेळी तेरेजांना ख्रिस्ताचे दर्शन झाले व त्याने आपल्या हातातील खिळा दाखविला, हेही त्यांनीच नोंदविले आहे. म्हणजे त्या मठात योहान एका हाताने आवडीचे तुकडे करीत होते आणि दुसऱ्या बाजूने देव दर्शने देत होता. दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली, एकाच मिस्सेत चालल्या होत्या.

येथे मला स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. दीक्षा होऊन मला दोन-तीन वर्षे झाली होती. सीमाभागातील एका खेड्यात एक बाई माझ्याकडे आल्या. नवरा आठ दिवसांपूर्वी वारला होता. शेवटच्या रात्री खाटेजवळ बसल्या असता त्यांना प्रभू दिसला, असे त्या सांगू लागल्या. 'तो उभा नव्हता फादर, वाकला होता,' एवढेच त्यांचे शब्द मला आठवतात, कारण त्यापुढे मी त्यांना बोलू दिले नाही. मी नुकताच योहानांवर प्रबंध लिहिला होता. बाविसावा अध्याय मला तोंडपाठ होता. देवाने सर्व काही आपल्या पुत्रात सांगितले आहे, अशा गोष्टींना फार महत्त्व देऊ नये, जपमाळ म्हणावी, नित्य मिस्सेला यावे, असे मी समजावले. बाई "बरं फादर" म्हणून उठल्या. मिस्सेला त्या येत राहिल्या. पण त्यानंतर माझ्याशी त्या कधी मनातले बोलल्या नाहीत. माझी बदली झाली.

पुष्कळ वर्षांनी तोच अध्याय पुन्हा वाचताना शेवटच्या परिच्छेदांपाशी मी थबकलो. विद्यार्थिदशेत ते मी वाचले नसतील असे नाही. मनात राहिले नव्हते इतकेच. तेथे योहान दर्शन झालेल्या माणसाशी बोलणे सोडून त्याच्या गुरूशी बोलू लागतात. ते म्हणतात, अशी माणसे तुमच्याकडे आली तर त्यांना झिडकारू नका, तुच्छतेने वागवू नका, त्यांची तोंडे बंद करू नका. कारण देव त्यांना या वाटेने नेत आहे, आणि सांगण्याची वाटच तुम्ही बंद केलीत तर ती माणसे मोठ्या अडचणीत सापडतील. त्यांना प्रेमाने बोलते करा, आणि मग हळूहळू दाखवा की प्रेमाने केलेले एक कृत्य देवाला सर्व दर्शनांहून अधिक मोलाचे आहे. मी अर्धा अध्याय पाठ केला होता, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत त्या बाईंनी दिली.

त्यानंतर मला ते रेखाटन निराळे दिसू लागले. योहानांनी ते केले हा त्यांच्या शिकवणीचा अपवाद आहे असे मला आता वाटत नाही. त्यांच्या मताप्रमाणे ज्याला दर्शन झाले त्याने दोन गोष्टी कराव्यात : ते सांगावे आणि ते सोडावे. हे रेखाटन म्हणजे नेमके तेच आहे. त्यांनी ते स्वतःच्या प्रार्थनापुस्तकात खूण म्हणून ठेवले नाही, कोठडीच्या भिंतीवर लावले नाही, त्याचे मोठे चित्र करविले नाही. जे दिसले ते सांगितले, आणि कागद हातावेगळा केला. झावळीचा क्रूस दुसऱ्याकडून घेणाऱ्याने आपला क्रूस आधी देऊन टाकला होता. हा माझा तर्क आहे; त्याला कोणा साक्षीदाराचा आधार नाही. परंतु कागद कोठे सापडतो हाही एक पुरावाच असतो, आणि हा कागद योहानांच्या चीजवस्तूंत सापडलेला नाही, दुसऱ्याच्या हातात सापडला आहे.

आपल्या मराठी भाषेने येथे एक सूचक सोय करून ठेवली आहे. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरांत कर्नेल्याला व पेत्राला जे दिसले त्याला 'दृष्टान्त' म्हटले आहे; खेड्यापाड्यांतील माणूसही देवाने स्वप्नात येऊन काही सांगितले की 'दृष्टान्त झाला' असेच म्हणतो. पण हाच शब्द मराठीत उदाहरणकथेसाठीही जुन्या काळापासून रूढ आहे. महानुभावांचा 'दृष्टान्तपाठ' सर्वांस ठाऊक आहे. दिसणे आणि समजावून सांगणे ही दोन्ही एका शब्दात नांदतात. दर्शन स्वतःपुरते ठेवले तर तो पहिल्या अर्थाचा दृष्टान्त. दुसऱ्याच्या समजुतीसाठी पुढे केले की दुसऱ्या अर्थाचा. आना मारियाच्या हातात पडलेला कागद या दोन अर्थांच्या मधल्या उंबऱ्यावर आहे.

चित्रशाळेच्या भाषेत अशा लहान कागदाला पूर्वरेखाटन म्हणतात. मोठे चित्र रंगविण्यापूर्वी चित्रकार कागदावर देहाची ठेवण, हातांचा ताण, प्रकाश कोठून येतो हे करून पाहतो. चित्र पुरे झाले की त्या कागदाचे काम संपते. योहानांच्या रेखाटनानंतर चित्र आले नाही. तरी ते पूर्वरेखाटन आहे असे मी म्हणेन, कारण त्यानंतर जे आले ते शब्दांत आले. २ डिसेंबर १५७७ च्या रात्री सुधारणेला विरोध करणाऱ्या त्यांच्याच संघातील बांधवांनी त्यांना आविलाहून पकडून नेले आणि तोलेदो येथील मठात कोंडले. (त्याच वर्षी एल ग्रेको हा चित्रकार तोलेदोत येऊन राहिला होता, दोघांची गाठ पडली असल्याचा पुरावा नाही, पण एकाच नगरात एक जण ख्रिस्ताचे वस्त्रहरण रंगविण्याच्या कामाला लागत होता आणि दुसरा फटके खात होता, हे लक्षात राहते.) सुमारे नऊ महिन्यांनी, १५७८ च्या ऑगस्टमध्ये, ते तेथून निसटले. त्यानंतरच्या वर्षांत 'आरोहण' लिहिले गेले. त्याच्या दुसऱ्या भागातील सातवा अध्याय ज्यांनी वाचला आहे त्यांनी तो पुन्हा एकदा त्या कागदाच्या शेजारी ठेवून वाचावा. ख्रिस्ताने आपल्या साऱ्या आयुष्यातील चमत्कारांपेक्षाही मोठे कार्य केले ते क्रूसावर, आणि ते त्या क्षणी केले, ज्या क्षणी तो देहाने, मानाने आणि पित्याच्या सांत्वनालाही मुकून पूर्णपणे रिकामा झाला होता, असे तेथे सांगितले आहे. त्या अध्यायात कोणतेही रूप वर्णिलेले नाही. पण कोसळलेले डोके आणि न दिसणारा चेहरा तेथे आहेच. रेखाटनाने ज्याची तयारी केली ते हे.

या दृष्टीने पाहिले तर दालीच्या चित्राचे गुणदोष स्पष्ट होतात. दालीला ते रेखाटन एका कार्मेली धर्मगुरूंमुळे परिचयाचे झाले. त्याने चित्राआधी स्वतःची पूर्वरेखाटने केली, आणि त्यांतील एकावर त्याने लिहून ठेवले आहे की १९५० मध्ये त्याला एक स्वप्न पडले होते व त्यात हे रूप अणूच्या गर्भासारखे दिसले. त्याने त्याची रचना भूमितीवर बसविली : पसरलेल्या बाहूंचा त्रिकोण, मध्ये मस्तकाचे वर्तुळ. देहाचा ताण बरोबर यावा म्हणून हॉलिवूडमधील रसेल सॉन्डर्स या कसरतपटूला वर टांगून त्याने अभ्यास केला. इतकी तयारी करूनही, अथवा इतक्या तयारीमुळेच, योहानांच्या कागदावर जे आहे ते त्याच्या चित्रातून निसटले. खिळे नाहीत, जखमा नाहीत, रक्त नाही, काट्यांचा मुकुट नाही. आपला ख्रिस्त देवासारखा सुंदर असावा हा त्याचा आग्रह होता. ख्रिस्त सुंदर आहे. खांदे भरदार आहेत, केस नीटनेटके आहेत. तो क्रूसावर टांगलेला नाही, क्रूसाजवळ तरंगत आहे. वरून पाहण्याचा कोन दालीने घेतला, वजन मात्र घेतले नाही. योहानांच्या रेखाटनात तो कोन एका माळ्यावरचा होता; दालीच्या चित्रात पाहणारा आकाशात जाऊन बसतो, आणि तेथे बसून क्रूसाकडे पाहणे मनुष्याला नको इतके सोयीचे होते.

तथापि त्या चित्राला नुसते नावे ठेवणे अन्यायाचे होईल. क्रूसाखाली दालीने आपल्या पोर्त लीगात गावचा किनारा ठेवला आहे. होडीपाशी कोळी आपल्या कामात आहेत. वर काय आहे इकडे त्यांचे लक्ष नाही. ख्रिस्ताची मान त्यांच्याकडे वळलेली आहे. कोणी पाहो वा न पाहो, तो त्यांच्यावर झुकलेला आहे. हे योहानांच्या कागदावर नाही आणि हे खरे आहे. ग्लासगो नगराने १९५२ मध्ये ८,२०० पौंडांना ते चित्र घेतले, तेव्हा एवढा पैसा एका चित्रावर घालविल्याबद्दल तेथील कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तक्रार केली होती. १९६१ मध्ये एका माणसाने ते फाडलेही. पुढे ते सांधण्यात आले. २०२३ मध्ये ते काही महिन्यांसाठी दालीच्या फिगेरेस गावी नेण्यात आले होते. लोक त्याच्यापुढे आजही गप्प उभे राहतात. ज्या चित्रापुढे माणसे गप्प होतात त्याविषयी धर्मगुरूने फार वेळ उपहासाने बोलू नये असे माझे मत आहे. माझी तक्रार चित्राशी कमी आणि चित्राच्या नावाशी अधिक आहे. दालीने ते आपल्या गावचा ख्रिस्त म्हणून दिले असते तर मी ते आनंदाने स्वीकारले असते. संताचे नाव घातल्यामुळे मास्तरांसारख्या साध्या माणसाला वाटते की संतांना असे निवळ, निर्जखमी, तेजस्वी रूप दिसते. आणि ज्या बाईला खाटेशी वाकलेला प्रभू दिसला तिला वाटते की आपल्याला दिसले ते तसे नव्हते, म्हणजे ते खरे नसावे.

त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ च्या डिसेंबरात प्रतिमांविषयी जो ठराव केला त्यात दोन गोष्टी आहेत. प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची असेल त्याला पोहोचतो, ही पहिली. आणि प्रतिमांच्या द्वारे लोकांना शिकविले जावे, ही दुसरी. पहिली आपण कसोशीने सांगतो. दुसरीच्या बाबतीत आपण ढिले आहोत. कोणत्या चित्राने काय शिकविले जाते, हे पाहण्याचे काम आपण छापखान्यांवर आणि दिनदर्शिका काढणाऱ्यांवर सोपविले आहे. धर्मशिक्षकाच्या हातात जे चित्र पडते तेच मुलांच्या मनात राहते; ग्रंथातील अध्याय राहत नाहीत. योहान 'आरोहणा'च्या तिसऱ्या भागात मूर्तींना भरजरी वस्त्रे चढविण्यावर टीका करतात, पण मूर्तीच नकोत असे म्हणत नाहीत. जी प्रतिमा इच्छाशक्तीला देवाकडे हलविते ती ठेवावी, आणि ती हलली की नजर प्रतिमेवर अडवून धरू नये, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

मास्तरांना मी मूळ रेखाटनाचे एक छापील चित्र दिले. त्यांनी चष्मा पुसला, खिडकीपाशी नेऊन पाहिले, उलटेसुलटे करून पाहिले. "फादर, तोंड कोठे आहे?" त्यांनी विचारले. तोंड दिसत नाही, असे मी सांगितले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "मोठे करून मिळेल काय? मागच्या बाकावरच्या पोरांना दिसायचे नाही." मोठे करून आणले. शुक्रवारी त्यांनी दोन्ही चित्रे नेली. कोणते आधी दाखविले ते मी विचारले नाही. पुढच्या आठवड्यात पाचवीतल्या एका मुलीने वहीत क्रूस काढून आणला होता, तिरका, वरून पाहिलेला. आणि चेहरा न आल्यामुळे तिने तेथे नुसते केस काढले होते. मास्तरांनी तिला तो खोडून पुन्हा नीट काढावयास सांगितले होते. ते मी त्यांना करू दिले नाही, आणि का, हे त्यांना समजावून सांगताना आमच्या दोघांचीही संध्याकाळची प्रार्थना उशिरा झाली.